‘मनोगत’चं ‘भधैखण’ झालं तेव्हा: फॉन्टमधल्या एका अनोळखी टेबलाचं प्रकरण

दसरा जवळ आला की नागपुरातल्या पुस्तकछपाईला उसंत नसते. दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, गावोगावहून माणसं येतात आणि परतताना पिशवीत पुस्तकं घेऊन जातात. महालातल्या ज्या छापखान्याचं हे प्रकरण आहे, तिथे त्या आठवड्यांत जुन्या पुस्तिकांच्या नव्या आवृत्त्या निघत होत्या. मी त्यांचा नोकर नाही. धरमपेठेत घरूनच काम करतो, फॉन्ट आणि अक्षरजुळणीची सॉफ्टवेअरं सांभाळतो. पाच-सहा वर्षांपासून त्यांच्या फॉन्टची दुरुस्ती माझ्याकडे आहे.

फोन आला तो डीटीपी करणाऱ्या ताईंचा. “भाऊ, तुम्ही नवा ठळक फॉन्ट दिला न, त्यात काहीतरी होऊन राह्यलं. मजकूर बरोबर आहे, पण शीर्षकंच बिघडून राह्यली. ‘मनोगत’ लिहिलं आहे, प्रूफवर ‘भधैखण’ येते.”

मी तो शब्द कागदावर लिहून घेतला. तेव्हा त्यात काही दिसलं नाही. पुढे तोच शब्द उलगडा करणार होता.

आधी फॉन्टची हकिगत सांगतो. हा फॉन्ट छापखान्याच्या मालकीचा आहे, छापखाना चालवणाऱ्या काकाजींनी एका चित्रकाराकडून काढून घेतलेला. तीन वजनं आहेत: हलका, साधा, ठळक. फॉन्ट जुना असल्यामुळे त्यात तीन अक्षरं नव्हती. एक ‘ॲ’, ज्याला युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. दुसरं रुपयाचं चिन्ह, जे २०१० मध्ये ठरलं. तिसरी उणीव मला सगळ्यात जास्त खुपायची. ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांचा’ यांतला चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ या फॉन्टात नव्हता. त्याच्या जागी रफार पडायचा आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ व्हायचा. डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्र यांत मराठी वाचणाऱ्याला फरक हवाच. ही तीन अक्षरं चित्रकाराकडून नव्याने काढून घेऊन फॉन्टात बसवायची, एवढंच माझं काम होतं.

साध्या वजनात मी ती तिन्ही यादीच्या शेवटी जोडली. काम चोख झालं, महिनाभर कुणाची तक्रार आली नाही. ठळकाच्या वेळी मात्र वाटलं की ‘ॲ’ हा ‘अ’च्या शेजारी असावा आणि अर्धा ‘र’ रफाराच्या शेजारी. पुढे कुणी फॉन्ट उघडला तर शोधायला सोपं जाईल. म्हणून आधी तिन्ही शेवटी जोडली, मग ग्लिफांचा, म्हणजे फॉन्टातल्या एकेका अक्षराकृतीचा, क्रम बदलला. रुपया शेवटीच राहिला. ४८६ ग्लिफांचे ४८९ झाले.

आता बिघाड कुठे दिसत होता ते पाहा. ठळक वजनात नवा युनिकोड मजकूर टाइप केला तर तो अगदी बरोबर यायचा, जोडाक्षरांसकट. साध्या वजनात जुना मजकूर बरोबर, नवाही बरोबर. चुकत होता तो फक्त ठळकातला जुना मजकूर. जुना म्हणजे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टवर टाइप केलेला, ज्यात इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. महाराष्ट्रातल्या प्रत्येक जुन्या छापखान्यात अशा फायलींचा ढीग आहे, आणि पुनर्मुद्रण करायचं तर तोच ढीग उपसावा लागतो.

फॉन्टच्या फाइलमध्ये माहितीचे वेगवेगळे कप्पे असतात, त्यांना टेबल म्हणतात. माझा पहिला संशय जोडाक्षरांचे नियम सांभाळणाऱ्या जीसब टेबलावर गेला. क्रम बदलला की तिथे गोंधळ होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, हा अनुभव. एक अख्खा दिवस मी तिथे घालवला आणि नियम एकेक करून तपासले. सगळे ठीक होते. नवा मजकूर नीट उमटत होता म्हणजे जीसब नीट आहे, हे सकाळीच ध्यानात यायला हवं होतं.

संध्याकाळी ताईंनी पाठवलेलं प्रूफ पुन्हा समोर घेतलं आणि चुकलेल्या अक्षरांखाली बरोबर अक्षरं लिहीत गेलो. ‘म’च्या जागी ‘भ’. ‘न’च्या जागी ‘ध’. ओकाराच्या जागी ऐकार. ‘ग’च्या जागी ‘ख’. ‘त’च्या जागी ‘ण’. बाराखडी म्हणून पाहिली आणि लख्ख दिसलं: प्रत्येक अक्षर एक घर मागचं आहे. दुसऱ्या शीर्षकात अर्ध्या ‘च’च्या जागी अर्धा ‘ग’ आला होता, म्हणजे तिथे दोन घरं मागे. आणि ‘अ’ कुठेही चुकलेला नव्हता.

‘ॲ’ मी ‘अ’नंतर घातला होता, म्हणून ‘अ’ जागेवर राहिला आणि त्यापुढची सगळी अक्षरं एका घराने पुढे सरकली. रफारानंतर अर्धा ‘र’ घातला, म्हणून त्यापुढची अर्धी अक्षरं आणि जोडाक्षरं दोन घरांनी सरकली. कुणीतरी अजून जुन्याच घर-क्रमांकावर जाऊन दार ठोठावत होतं. कोण, एवढंच शोधायचं राहिलं.

इथे फॉन्टच्या फाइलची रचना थोडक्यात सांगावी लागेल. ट्रूटाइप ॲपलने १९९१ मध्ये आणलं, ओपनटाइप मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी यांनी १९९६ मध्ये जाहीर केलं, पण फाइलचा सांगाडा दोन्हींत एकच आहे. फाइल म्हणजे टेबलांची थप्पी. सुरुवातीला १२ बाइटांचं शीर्ष, मग प्रत्येक टेबलासाठी १६ बाइटांची नोंद: चार अक्षरी टॅग, बेरीज-तपासणीचा आकडा, टेबल फाइलमध्ये कुठे सुरू होतं, आणि लांबी. आमच्या ठळक फॉन्टात १७ टेबलं, म्हणजे ही अनुक्रमणिका २८४ बाइटांची. ग्लिफांचे आकार एका टेबलात, रुंदी दुसऱ्यात, कोणत्या युनिकोड अक्षराला कोणता ग्लिफ हे तिसऱ्यात. आणि ही सगळी टेबलं आपसात बोलतात ती ग्लिफच्या नावाने नव्हे, क्रमांकाने.

सतरापैकी सोळा टेबलं ओळखीची होती. सतरावं कोणत्याही प्रमाणित यादीत नव्हतं. त्याला इथे कळ-टेबल म्हणू. छापखान्यासाठी पूर्वी काम करणाऱ्या प्रोग्रामरने ते फॉन्टमध्ये घातलं होतं. जुन्या फायली उघडणारं छापखान्याचं साधन तेच वाचत असे: जुन्या मजकुरातला अमुक आकडा आला की अमुक क्रमांकाचा ग्लिफ ठेव. युनिकोडऐवजी थेट ग्लिफचा क्रमांक का, याचं कारण मला पटतं. जुन्या फॉन्टांत अर्ध्या ‘क’ला, अर्ध्या ‘त’ला स्वतंत्र कळ होती. युनिकोडमध्ये अर्ध्या ‘क’ला स्वतंत्र घर नाही, तो ‘क’ आणि हलन्त मिळून होतो. तुकड्याला तुकडा जोडायचा तर ग्लिफचा क्रमांक हाच सरळ रस्ता.

मी काम करतो ते फॉन्टटूल्सवर, म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या तयार कोडच्या एका मुक्त संग्रहावर, ग्रंथालयावर. जुस्त फान रोस्सुम यांनी ते १९९९ च्या सुमारास सुरू केलं, आणि आज फॉन्ट बनवणाऱ्या जगातली असंख्य साधनं त्यावर उभी आहेत. त्यात प्रत्येक टेबलासाठी एक क्लास, म्हणजे कोडचा एक साचा, आहे आणि त्या सगळ्यांच्या मुळाशी डिफॉल्टटेबल नावाचा एक बेस क्लास. शंभर ओळीही भरत नाही, इतका छोटा. पण मला तो संपूर्ण ग्रंथालयातला सर्वांत विचारपूर्वक लिहिलेला भाग वाटतो.

त्यात मुख्य चार मेथड, म्हणजे एकेक काम करणारे कोडचे तुकडे, आहेत. डीकंपाइल: फाइलमधले बाइट घे आणि त्यांचा अर्थ लाव. कंपाइल: अर्थापासून पुन्हा बाइट बनव. आणखी दोन एक्सएमएल या माणसाला वाचता येणाऱ्या स्वरूपासाठी, लिहिण्याची आणि वाचण्याची. बेस क्लासमध्ये डीकंपाइल काय करतं? आलेले बाइट तसेच ठेवून घेतं. कंपाइल? तेच बाइट तसेच परत देतं. एक्सएमएलमध्ये लिहायची वेळ आली तर सोळाच्या पायातले आकडे ओळीने मांडतं, आणि वाचताना तेच आकडे परत बाइट करतं. बस. ज्या टेबलाचा अर्थ कुणी शिकवलेला नाही, त्याच्या वाट्याला हा बेस क्लास येतो आणि ते टेबल सुखरूप पार होतं.

आणखी एक सोय याच वृत्तीतून आली आहे. एखाद्या ओळखीच्या टेबलाचा क्लास बाइट वाचताना अडखळला, आणि आपण चुकांकडे दुर्लक्ष करायला सांगितलेलं असेल, तर ग्रंथालय ते टेबल बेस क्लासच्या हवाली करतं. बाइट शाबूत राहतात, आणि काय बिनसलं त्याची नोंद टेबलालाच चिकटवली जाते. एक्सएमएलमध्ये ती टिप्पणी म्हणून दिसते. फॉन्ट एक्सएमएलमध्ये उतरवणाऱ्या टीटीएक्स या साधनात हे आपोआप होतं. आपण स्वतःच्या प्रोग्राममधून फॉन्ट उघडला तर मुद्दाम सांगावं लागतं, नाहीतर काम तिथेच थांबतं. मला हा भेद योग्य वाटतो. फाइल नुसती बघायची असेल तर कळेल तेवढं बघावं. फाइल बदलायची असेल तर न कळलेलं पुढे ढकलू नये.

मी जुन्या आणि नव्या ठळक फॉन्टमधलं कळ-टेबल काढून शेजारी ठेवलं. ६१२ बाइट, आणि दोन्ही तंतोतंत सारखे. सुरुवात अशी:

०० ०१ ०० ९८

पहिले दोन बाइट आवृत्ती, १. पुढचे दोन नोंदींची संख्या. सोळाच्या पायात ९८ म्हणजे आपले १५२. प्रत्येक नोंद चार बाइटांची, म्हणजे १५२ गुणिले ४ बरोबर ६०८, अधिक हे ४, एकूण ६१२. हिशोब जुळला. मधली एक नोंद पाहा:

०० ६४ ०१ ४७

जुन्या मजकुरातला आकडा १००, आणि ग्लिफ क्रमांक ३२७. जुन्या फॉन्टात ३२७ वर ‘श्र’ होता. नव्यात तो ३२९ वर गेला. टेबलाला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

टेबल खराब झालं असतं तर एखादी चूक आली असती, प्रोग्राम थांबला असता. टेबल खराब झालंच नव्हतं. बेस क्लासने दिलेला शब्द बाइट न बाइट पाळला होता, आणि नेमकं त्यामुळेच शीर्षक चुकत होतं. जपायची वस्तू तशीच होती, ती ज्याकडे बोट दाखवत होती ते हललं होतं. दोष बेस क्लासचा नव्हता, माझा होता. कळ-टेबल आत काय बाळगतं हे न पाहता मी क्रमाला हात लावला.

फॉन्टमध्ये अशी आणखी उदाहरणं आहेत. डिजिटल सहीचं डीएसआयजी टेबल असंच. बाइट जसेच्या तसे ठेवले तरी बाकी फॉन्टात काहीही बदललं की ती सही खोटी ठरते. आणि याच ग्रंथालयातलं फॉन्ट छोटा करणारं साधन अनोळखी टेबलाबद्दल उलटा निर्णय घेतं: वेगळं सांगितलं नाही तर ते टेबल टाकूनच देतं. एके काळी मला ते उर्मटपणाचं वाटायचं. आता कळतं की ग्लिफ गाळले की क्रमांक बदलू शकतात, आणि अनोळखी टेबलात क्रमांक आहेत की नाहीत हे त्या साधनाला कळायला मार्ग नाही. चुकीचं बोलणारं टेबल फॉन्टात ठेवण्यापेक्षा ते नसलेलं परवडलं.

काकाजींना मी सगळं समजावलं. त्यांनी एकच विचारलं, “मग जुना क्रम परत करून टाकता येते का?” येत होतं. तिन्ही अक्षरं शेवटी ढकलली की तासाभरात प्रश्न मिटला असता, साध्या वजनात तो उद्भवलाच नव्हता तसा. पण पुढच्या वेळी कुणीतरी पुन्हा क्रम बदलणार, आणि तेव्हा ‘भधैखण’ कदाचित प्रूफवर सापडणार नाही, छापून गेल्यावर सापडेल. मी दोन दिवस मागितले. काकाजी म्हणाले, “दोनच. तिसऱ्या दिवशी कागद मशीनवर चढते.”

दोन दिवसांत कळ-टेबलासाठी बेस क्लासपासून एक सबक्लास, म्हणजे त्यावर बेतलेला खास क्लास, लिहिला. त्याचं डीकंपाइल नोंदी वाचतं आणि ग्लिफचा क्रमांक लगेच नावात बदलतं. ३२७ आला की त्या क्षणी फॉन्टला विचारायचं, याचं नाव काय, आणि पुढे नावच ठेवायचं. कंपाइल उलट करतं: नाव घेऊन आजचा क्रमांक विचारतं आणि तो लिहितं. मधल्या काळात क्रम कितीही बदलो, नाव बदलत नाही. ‘लगेच’ हा शब्द इथे महत्त्वाचा. क्रमांक तसाच ठेवून नाव नंतर विचारलं, तर जुना क्रमांक नव्या यादीत शोधला जाईल आणि तीच चूक वेगळ्या दाराने आत येईल.

बेस क्लासमध्ये अवलंबनांची एक यादीही असते: हे टेबल लिहिण्याआधी कोणती टेबलं लिहून झालेली हवीत. ग्लिफांचे आकार आधी लिहिले जातात, त्यावरून प्रत्येक आकार कुठे सुरू होतो हे सांगणारं लोका टेबल बनतं, आणि लोकाचे आकडे लहान मापात मावतात की मोठं माप लागतं हे हेड टेबलात नोंदवलं जातं. हा क्रम चुकला तर फॉन्ट उघडणारच नाही. आमच्या कळ-टेबलाला फक्त ग्लिफांचा क्रम लागतो, दुसऱ्या टेबलाने लिहिताना ठरवलेलं काही लागत नाही, म्हणून ती यादी मी रिकामी ठेवली.

ग्लिफ सापडला नाही तर काय, यावर मी थांबून विचार केला. शून्य लिहून पुढे जाता आलं असतं, मग छपाईत रिकामी चौकट आली असती. मी तिथे काम थांबवलं: कोणत्या आकड्याचा कोणता ग्लिफ हरवला हे सांगायचं आणि फाइल लिहायचीच नाही. मशीनवर कागद चढल्यावर चौकट दिसण्यापेक्षा माझ्या टेबलावर फाइल अडलेली बरी.

पहिल्यांदा चालवलं आणि प्रूफवर पुन्हा ‘भधैखण’.

या वेळी कारण लवकर सापडलं. नव्या क्लासची ग्रंथालयाकडे नोंदणी करावी लागते, की या टॅगसाठी हा क्लास वापर. ती नोंदणी मी फाइल लिहिण्याच्या टप्प्यात केली होती. फॉन्टटूल्स फॉन्ट उघडताना टेबलं वाचत नाही, ज्याला हात लागेल ते तेव्हा वाचतं. हातच लागला नाही तर लिहिताना मूळ बाइट थेट उतरवतं. पण क्रम बदलणारं तयार फंक्शन काम सुरू करण्याआधी सगळी टेबलं उघडायला लावतं, नेमक्या याच धोक्यासाठी. त्या वेळी माझा क्लास कुणाला ठाऊक नव्हता, म्हणून कळ-टेबल बेस क्लासच्या हातात पडलं, आणि एकदा वाचलेलं टेबल पुन्हा वाचलं जात नाही. नोंदणी प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत आणली आणि प्रश्न संपला.

तपासणी दोन प्रकारे केली. आधी काहीही न बदलता टेबल उघडून परत लिहिलं: ६१२ बाइट, जुन्याशी तंतोतंत. हे जमल्याशिवाय पुढे जायचंच नाही. मग क्रम बदलून लिहिलं आणि तीच नोंद पाहिली:

०० ६४ ०१ ४९

३२९. ‘श्र’ आपल्या घरी.

आमच्या फॉन्टात पोस्ट टेबल दुसऱ्या प्रकारचं आहे, म्हणजे ग्लिफांची नावं फाइलमध्येच असतात. तिसऱ्या प्रकारात नावं नसतात, आणि मग युनिकोडवरून न सापडणाऱ्या ग्लिफांना ग्रंथालय क्रमांकावरूनच नाव देतं. एका बैठकीत तेही चालतं, पण लिहिलेली फाइल पुन्हा उघडली की नावं नव्या क्रमांकांवरून पडतात. अशा फॉन्टच्या दोन आवृत्त्या नावांनी ताडून पाहू नयेत, निष्कर्ष चुकतो. विदर्भातल्या जुन्या संग्रहांवर काम करणाऱ्या कुणाला असा फॉन्ट भेटला तर आधी पोस्टचा प्रकार पाहावा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी स्वतः महालात गेलो. ताईंनी पुस्तिकेची सगळी शीर्षकं ठळकात काढून ठेवली होती. प्रूफाच्या कागदावर लाल पेन ठेवून त्या अक्षर-अक्षर वाचत गेल्या, मोठ्याने. ‘मनोगत’ आलं. ‘अर्पणपत्रिका’ आली. ‘दुसऱ्या आवृत्तीच्या निमित्ताने’ हे शीर्षक आलं तेव्हा त्यांनी पेन बाजूला ठेवलं आणि तो अर्धा ‘र’ बोटाने दाखवला. जुन्या आवृत्तीत तिथे ‘दुसर्या’ छापलेलं होतं.

उरला हलका फॉन्ट. त्याच्या कळ-टेबलात नोंदी १५२ च, पण लांबी ६१६ निघाली. शेवटचे चार बाइट नुसती शून्यं. माझा सबक्लास लांबीचा हिशोब काटेकोर तपासत होता, म्हणून त्याने ती फाइल वाचायलाच नकार दिला. ते चार बाइट छाटून टाकणं सोपं होतं. मी ते शेपूट वेगळं ठेवायला शिकवलं, कंपाइल ते शेवटी जसंच्या तसं जोडतं. शून्यांचा काही अर्थ लागत नाही, म्हणून त्यांना हात लावला नाही. मात्र शेपटात शून्याव्यतिरिक्त काही दिसलं, तर फाइल अडवून मला सांगायचं, एवढी एक ओळ वाढवली. हलका फॉन्ट ६१६ बाइटांच्या कळ-टेबलासह त्याच रात्री छापखान्यात पोचला.